ऋतू बदलतो, वय बदलतं, मग चेहऱ्याचं रुटीन वर्षभर एकच कसं चालेल?

जानेवारीत एखादं क्रीम चेहऱ्याला अगदी लागू पडतं. गाल ओढल्यासारखे वाटायचे थांबतात, नाकाच्या कडेला निघणारी सालं बंद होतात, चेहरा मऊ लागतो. चांगलं क्रीम सापडलं म्हणून आपण मोठी डबी घेऊन ठेवतो.

मग जुलै उजाडतो. चेहरा तोच, क्रीम तेच, लावायची पद्धतही तीच. पण आता कपाळावर बारीक पुटकुळ्या दिसायला लागतात, नाक दुपारपर्यंत तेलकट होतं आणि चेहऱ्यावर काहीतरी थापल्यासारखं वाटतं. "हे क्रीम आता चालत नाही" म्हणून डबी कपाटात जाते आणि मोबाईल हातात येतो. एक रील नायसिनामाइड सांगतं, दुसरं सॅलिसिलिक ॲसिड, तिसरं रेटिनॉल. महिन्याभरात बेसिनच्या कडेला सहा बाटल्या जमतात आणि चेहरा मात्र पहिल्यापेक्षा बिघडतो.

यात क्रीम खराब नव्हतं आणि चेहऱ्यालाही काही झालं नव्हतं. हवा बदलली होती, म्हणून त्वचेची गरज बदलली होती. गरज बदलली की काय बदलायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय बदलायचं नाही, हे समजून घेऊ.

"माझी स्किन ऑयली आहे" हे कायमचं नसतं

कोरडी, तेलकट, मिश्र आणि सामान्य अशी त्वचेची चार प्रकारांत वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती रक्तगटासारखी जन्माला चिकटलेली वाटते. प्रत्यक्षात या वाटणीचं श्रेय बहुतेकदा हेलेना रुबिनस्टाइन या उद्योजिकेला दिलं जातं. पोलंडमध्ये जन्मलेल्या या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात क्रीम विकायला सुरुवात केली. प्रत्येक प्रकारच्या चेहऱ्याला वेगळी बाटली विकायची, तर आधी चेहऱ्यांचे प्रकार पाडावे लागतात.

ही वाटणी अगदीच निरुपयोगी नाही. कोणाच्या तेलग्रंथी जास्त काम करतात, कोणाच्या कमी, यात आनुवंशिकतेचा वाटा असतोच. पण त्वचा आज कशी वागते हे हवेतली आर्द्रता, ऊन, वय, हार्मोन्स, चालू असलेली औषधं आणि आपण तिच्यावर काय काय लावतो यावरही ठरतं. त्यामुळे "माझा स्किन टाइप काय" यापेक्षा "माझी त्वचा सध्या कशी आहे" हा प्रश्न जास्त कामाचा.

तो तपासायची घरगुती पद्धत सोपी आहे. सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवा, टिपून कोरडा करा आणि तासभर काहीही लावू नका. तासानं सगळा चेहरा ताणल्यासारखा वाटला तर सध्या कोरडेपणा आहे. कपाळ, नाक आणि हनुवटी चमकायला लागली तर तेथे तेल जास्त सुटतंय. काहीच न लावता आग होत असेल किंवा चेहरा लाल दिसत असेल, तर त्वचा दुखावलेली आहे. ही तपासणी एकदा करून थांबायचं नाही. पावसाळा लागताना, थंडी सुरू होताना आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती पुन्हा करायची.

केसापेक्षा पातळ भिंत

त्वचेचा सगळ्यात वरचा थर चेहऱ्यावर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. मृत, चपट्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा, अशी त्याची रचना डॉक्टर समजावून सांगतात. या गिलाव्यात सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड असतात. आतलं पाणी बाहेर उडून जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरची घाण, जंतू, रसायनं आत येऊ द्यायची नाहीत, एवढी दोन कामं ही भिंत दिवसरात्र करते.

ती थोडी आम्लधर्मी असते. तिचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. अंगाला लावायच्या साध्या साबणाचा पीएच ९ ते १० पर्यंत जातो. म्हणून साबणानं तोंड धुतल्यावर जो "करकरीत स्वच्छ" अनुभव येतो, तो बऱ्याचदा गिलावा निघून गेल्याचा अनुभव असतो.

ही भिंत सतत नवी होत असते. तरुण वयात खालच्या नव्या पेशी वर येऊन झडून जायला साधारण चार आठवडे लागतात आणि वय वाढतं तसा हा काळ लांबतो. म्हणजे आज लावलेल्या वस्तूचा खरा परिणाम परवा दिसत नाही. "तीन दिवसांत ग्लो" म्हणजे बहुतेक वेळा वरवरची साल काढल्यानं किंवा पाणी धरून ठेवल्यानं आलेली तात्पुरती चमक असते.

आपल्यासाठी एक गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी जास्त सक्रिय असतात. हे उन्हापासूनचं नैसर्गिक संरक्षण आहे, पण त्याची एक किंमतही आहे. मुरूम फोडला, जास्त घासलं, एखाद्या ॲसिडनं आग झाली, की ती जागा बरी झाल्यावरही महिनोन् महिने काळा डाग मागे राहतो. डाग घालवायला केलेला अतिरेकच अशा त्वचेवर नवे डाग पाडतो.

तीन गोष्टी कायम, बाकी सगळं ये-जा करणारं

रुटीन म्हटलं की दहा पायऱ्या डोळ्यांसमोर येतात. खरं तर रोजचा सांगाडा तीनच गोष्टींचा आहे.

एक, धुणं. सौम्य, फारसा फेस न करणारा फेसवॉश, दिवसातून दोनदा. रात्रीचं धुणं चुकवू नये. सकाळी त्वचा कोरडी असेल तर नुसत्या पाण्यानंही भागतं.

दोन, मॉइश्चरायझर. तेलकट चेहऱ्यालाही हा लागतो. तेल आणि पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत, वरून तेलकट दिसणारी त्वचा आतून पाण्यावाचून असू शकते. फक्त प्रकार बदलतो: जेल, लोशन किंवा दाट क्रीम.

तीन, सकाळी सनस्क्रीन. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन अतिनील बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० चं सुमारे ९८ टक्के. म्हणजे ३० आणि ५० यांतला फरक जाहिरातीत वाटतो तेवढा नाही. खरा फरक मात्रेनं पडतो. हे आकडे त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावल्यावरचे आहेत, आणि बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत. तर्जनी आणि मधलं बोट यांवर लांबीभर ओढलेल्या दोन रेघा चेहरा आणि मान मिळून पुरतात. दिवसभर उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं.

सीरम, टोनर, एक्सफोलिएटर, मास्क, रेटिनॉल हे सगळं या सांगाड्यावरचं जास्तीचं. ते गरजेपुरतं येतं आणि गरज संपली की जायला हवं. ऋतू आणि वय बदलताना सांगाडा तोच राहतो. त्याचा दाटपणा आणि जास्तीच्या गोष्टी तेवढ्या बदलतात.

महाराष्ट्रातले ऋतू आणि तुमचा चेहरा

स्किनकेअरचा बराचसा सल्ला आपल्याकडे कोरिया आणि अमेरिकेतून येतो. तेथला "समर" आणि आपला उन्हाळा एक नाही. आणि आपल्याकडे तरी उन्हाळा एकच कुठे आहे?

पावसाळा. मुंबई, कोकण आणि गोव्यात जुलैमध्ये हवा पाण्यानं भरलेली असते. घाम उडून जात नाही, चेहऱ्यावर साचून राहतो. अशा वेळी दाट क्रीम बाजूला ठेवून जेल किंवा हलकं लोशन घ्यावं. तेल जास्त सुटत असेल तर आठवड्यातून दोन-तीन वेळा सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश चालतो. पावसात भिजून किंवा लोकलच्या गर्दीतून घरी आलात की साध्या पाण्यानं चेहरा धुवा, प्रत्येक वेळी फेसवॉश नको.

या दिवसांत कपाळावर आणि केसांच्या कडेनं एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या आल्या तर त्या नेहमीचे मुरूम नसण्याची शक्यता असते. त्वचेवर एरवीही राहणारी मॅलासेझिया नावाची यीस्ट घामट, दमट हवेत केसांच्या मुळांत वाढते आणि असे फोड येतात. नेहमीच्या मुरमांच्या औषधांनी ते जात नाहीत, त्यांना बुरशीविरोधी औषध लागतं. त्यामुळे महिनाभर वेगवेगळे सीरम लावून पाहण्यापेक्षा डॉक्टरांना एकदा दाखवलेलं बरं.

कपाळावरच्या पुटकुळ्यांचं आणखी एक साधं कारण म्हणजे डोक्याचं तेल. रात्री चोपून लावलेलं तेल कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्याला लागतं आणि तेथून गालावर येतं. तेल लावणं सोडायला नको. धुण्याआधी तासभर लावा, कपाळ पुसून घ्या आणि अभ्रा आठवड्याला बदला.

आभाळ भरलेलं असलं तरी सनस्क्रीन ठेवायचं, कारण अतिनील किरणांचा बराचसा भाग ढगांतूनही खाली येतो.

ऑक्टोबर. पाऊस ओसरतो, आकाश स्वच्छ होतं आणि ऊन एकदम चटका देतं. पावसाळ्यात आलेल्या मुरमांचे डाग याच दिवसांत गडद होतात, वांगही उठून दिसतं. या महिन्यात नवं काही सुरू करण्यापेक्षा सनस्क्रीनची मात्रा वाढवणं आणि टोपी, छत्री किंवा ओढणी वापरणं जास्त उपयोगी पडतं.

थंडी. नाशिक, पुणे, मराठवाडा, विदर्भ येथे डिसेंबरात ओठ फुटतात, गाल उलतात. कोरडी हवा त्वचेतलं पाणी ओढून घेते आणि कढत पाण्याची आंघोळ उरलासुरला गिलावा धुऊन नेते. आता जेलऐवजी क्रीम हवं. चेहरा धुतल्यावर पूर्ण सुकायची वाट न पाहता, किंचित ओलसर असतानाच ते लावा. गुलाबजल-ग्लिसरीन अनेक घरांत वापरतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं हे खरं, पण फार कोरड्या हवेत त्यावर क्रीमचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला तरच ते पाणी टिकतं. रेटिनॉल किंवा ॲसिड वापरत असाल तर थंडीत त्याचे दिवस निम्मे करा.

थंडीच्या तोंडावर तेल लावायचं हे आपल्याकडे नवं नाही. दिवाळीत अंगाला तेल चोळून मग उटणं लावलं जातं. कोकणात फुटलेल्या टाचांना आणि ओठांना कोकमाचं तेल लावतात. ऋतूप्रमाणे त्वचेला वेगळं काही द्यावं, हे आपल्या आज्यांना रील न बघताही माहीत होतं. फक्त एक लक्षात ठेवा. अंगाला चालणारं तेल चेहऱ्याला चालेलच असं नाही. मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर खोबरेल तेलानं छिद्रं बुजू शकतात.

उन्हाळा. "उन्हाळ्यात हलकं जेल लावा" हा सल्ला मुंबईला ठीक आहे. पण नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा चुलीसारखी कोरडी असते. तेथे घाम येता येताच उडून जातो आणि चेहरा थंडीत होतो तसाच रखरखीत होतो. त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात लोशन किंवा हलकं क्रीम लागतं, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे. घरातली हवासुद्धा बघा. कूलर हवेत ओलावा सोडतो आणि एसी हवेतला ओलावा काढून घेतो. दिवसाचे नऊ तास एसीत बसणाऱ्याची त्वचा मुंबईत राहूनही कोरडी पडू शकते.

याच कारणानं गाव बदललं की रुटीन बदलावं लागतं. नागपूरहून मुंबईला शिकायला आलेल्या मुलीला अचानक मुरूम येतात. पुण्याहून कॅनडाला गेलेल्या मुलाचे गाल हीटरच्या कोरड्या हवेत सोलवटतात. दोघांनीही पहिले तीन-चार आठवडे फक्त तीन गोष्टींच्या सांगाड्यावर राहावं, मॉइश्चरायझर तेवढं हवेप्रमाणे बदलावं आणि मग बघावं.

वयाप्रमाणे काय बदलतं?

शाळा-कॉलेजचं वय. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात, तेलग्रंथी जोमानं काम करायला लागतात आणि मुरूम येतात. या वयात चेहरा दिवसातून पाच वेळा धुणं, स्क्रबनं घासणं, लिंबू किंवा टूथपेस्ट लावणं हे प्रकार सर्रास चालतात. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळे चट्टे पडू शकतात.

या वयाला सोशल मीडियाचा फटका सगळ्यात जास्त बसतोय. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ ते १८ वयोगटातल्या मुलींचे टिकटॉकवरचे १०० स्किनकेअर व्हिडिओ तपासले. २०२५ मध्ये हा अभ्यास 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. या मुली सरासरी सहा वस्तू चेहऱ्यावर लावत होत्या, काही जणी तर डझनाहून जास्त. दिवसा करायच्या रुटीनपैकी जेमतेम २६ टक्क्यांमध्ये सनस्क्रीन होतं. म्हणजे जे लागत नाही ते सगळं होतं आणि जे लागतं तेच नव्हतं. बारा-तेरा वर्षांच्या त्वचेला सुरकुत्यांचं सीरम कशाला?

विशी-तिशी. या वयात मुरूम कपाळावरून जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर सरकतात, पाळीच्या आधी वाढतात. सोबत पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची शक्यता तपासून घ्यावी. तेथे फेसवॉश बदलून काही होणार नाही.

गर्भारपण. या काळात हार्मोन्समुळे गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर वांग येऊ शकतो. नेमकं याच काळात काही गोष्टी थांबवाव्या लागतात. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापॅलिन ही अ जीवनसत्त्वाच्या कुळातली क्रीम गर्भारपणात टाळायला सांगतात. हायड्रोक्विनोन त्वचेतून बरंच शोषलं जातं, म्हणून तेही नको. मुरमांसाठी पोटात घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन तर बाळात गंभीर जन्मदोष निर्माण करू शकतं. दिवस राहण्याचा विचार करत असाल तर चालू असलेल्या प्रत्येक क्रीमची आणि गोळीची यादी डॉक्टरांना दाखवा. वांगासाठी या काळातलं सगळ्यात भरवशाचं साधन सनस्क्रीनच. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन मिळालं तर उत्तम, कारण वांग वाढवणारा दृश्य प्रकाशही ते काही प्रमाणात अडवतं. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचा वांग आपोआप फिका होतो.

पाळी जाताना आणि नंतर. इस्ट्रोजेन कमी होतं तशी त्वचा पातळ आणि कोरडी होते. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, असं मानलं जातं. आयुष्यभर तेलकट चेहरा असलेल्या बाईला पन्नाशीत पहिल्यांदा क्रीमची गरज भासते ती याचमुळे. विशीपासून वापरत आलेला फेसवॉश आता चुरचुरायला लागतो. फेस कमी करणारा फेसवॉश, सिरॅमाइड असलेलं दाट क्रीम आणि सनस्क्रीन एवढ्यानं मोठा फरक पडतो. आपल्याकडे या वयातल्या बायकांना "आता कशाला हवंय हे?" असं ऐकावं लागतं. पण खाजणारी, आग होणारी त्वचा हा नटण्याचा विषय नाही, तो त्रास आहे.

पुरुष. पुरुषांच्या तेलग्रंथी उतारवयापर्यंत बऱ्यापैकी काम करत राहतात. त्यांचा खरा प्रश्न दाढीचा असतो. रोज उलट्या दिशेनं वस्तरा फिरवला की केस आत वळून पुळ्या येतात. केस वाढतात त्या दिशेनं दाढी करा आणि तुरटी किंवा झोंबणाऱ्या आफ्टरशेव्हनंतर मॉइश्चरायझर लावा.

बदल करायचा कसा?

चेहरा बिघडला की आपली पहिली प्रतिक्रिया नवीन काहीतरी आणायची असते. ती उलटी करा.

१. आधी काढा, मग घाला. चेहरा चुरचुरत असेल, लाल असेल, साधं पाणीही झोंबत असेल तर सगळी सीरम आणि ॲसिड बंद करा. दोन ते चार आठवडे फक्त सौम्य धुणं, साधं क्रीम आणि सनस्क्रीन. भिंत बांधून निघायला तेवढा वेळ लागतो.

२. एका वेळी एकच बदल. एकाच आठवड्यात तीन नव्या वस्तू सुरू केल्या तर फायदा कोणाचा आणि त्रास कोणाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. दोन बदलांमध्ये किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

३. आधी छोट्या जागी लावून पाहा. कानाच्या मागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला सलग काही दिवस थोडं लावा. खाज, लाली आली नाही तरच चेहऱ्याला लावा.

४. वेळ द्या. मॉइश्चरायझरचा फरक आठवड्यात कळतो. मुरमांच्या औषधाला सहा ते आठ आठवडे आणि डागांना त्याहून जास्त काळ लागतो.

५. "पर्जिंग" म्हणून सगळं सहन करू नका. रेटिनॉइड सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत नेहमीच्या जागी मुरूम थोडे वाढू शकतात. पण आग, खाज, सूज किंवा पूर्वी कधीच फोड न आलेल्या जागी फोड येणं म्हणजे ती वस्तू तुम्हाला सोसत नाही. ती बंद करा.

मेडिकलमधली ट्यूब आणि पार्लरमधली डबी

चेहऱ्याच्या बदलत्या गरजा ओळखता आल्या नाहीत तर सगळ्यात मोठं नुकसान सीरमचे पैसे वाया जाण्याचं नाही. ते कमी किमतीच्या एका ट्यूबमुळे होतं.

डाग, वांग, खाज काहीही असो, मेडिकल दुकानातून किंवा मैत्रिणीकडून एक क्रीम मिळतं आणि चार दिवसांत चेहरा उजळतो. त्यात बहुतेकदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादं स्टिरॉइड असतं. कधी त्यासोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांसाठी ही औषधं उपयोगी आहेत. रोजचं फेअरनेस क्रीम म्हणून लावली तर त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरूम आणि केस वाढतात. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १२ केंद्रांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी ती विकली जातात.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट पुढे आहे. हे क्रीम थांबवलं की चेहरा लाल होतो, आग होते, फोड येतात. पुन्हा लावलं की शांत होतो. त्यावरून माणूस ठरवतो, "बघा, माझ्या त्वचेला याचीच गरज आहे." ही गरज नाही, हे त्वचेला लागलेलं व्यसन आहे. अशा वेळी मनानं एकदम बंद करण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते हळूहळू सोडवतात. ट्यूबवर "सोन" किंवा "सोल"नं संपणारं नाव दिसलं तर लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होणं रोखतो म्हणून काही गोरं करणाऱ्या क्रीममध्ये तो बेकायदा घातला जातो. तो त्वचेतून शोषला जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघी बायकांची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी आली होती. तिघी एकच क्रीम लावत होत्या आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतल्यावर त्या क्रीममध्ये पारा सापडला. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती कितीही "खास ओळखीतून" मिळाली तरी घेऊ नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

दुखणाऱ्या मोठ्या गाठी येत असतील, मुरमांचे खड्डे पडत असतील, दोन-तीन महिने साधं रुटीन नीट पाळूनही फरक नसेल, वांग पसरत असेल, एखादा तीळ आकार किंवा रंग बदलत असेल, किंवा स्टिरॉइड क्रीम महिनोन् महिने लावलं गेलं असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो आणि तेथे अगदी कमी खर्चात तपासून मिळतं. जाताना चेहऱ्याला लावत असलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या. त्या बघूनच डॉक्टरांना अर्धं निदान करता येतं.

आणि पुढच्या वेळी कुठलंही रील "हे लावाच" म्हणालं, तर खरेदीचं बटण दाबण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे सांगणारी व्यक्ती कुठल्या हवेत राहते? तिचं वय काय? आणि माझ्या चेहऱ्याला आत्ता नेमका त्रास काय होतोय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असेल, तर रुटीन आहे तसंच चालू द्या.